पंढरीची पेठ आणि नदीकाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं बालपण पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावरच्या कुंकवाच्या दुकानात गेलं. दुकान आजोबांचं. आता ते नाही, पण मी गावातच आहे. सोलापूर, बार्शी, पुणे, विजापूर, कुठून कुठून ओळखीचे लोक येतात, दर्शन उरकतात आणि विचारतात, "आता इथं बघायचं काय?" हा प्रश्न मला लागतो. मग मी त्यांना घेऊन घाटावर जाते आणि तिथून गावात चढत येते. वाटेत जे प्रश्न हमखास निघतात, ते आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

पंढरपूर हे तीर्थक्षेत्र. त्याला व्यापारी गाव कसं म्हणता?

दोन्ही आहे, आणि एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही. वर्षाला चार मोठ्या यात्रा भरतात: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. आषाढीला काही लाख माणसं येतात. त्यांना लागतं ते सगळं गावाने पुरवायचं आणि गावी न्यायचा प्रसाद, कुंकू, माळ, टाळ हेही गावानेच तयार ठेवायचं. चिरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे, पेढे, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, उदबत्ती, घोंगडी, बांगड्या, मृदंग, वीणा, चिपळ्या. या एकेका वस्तूमागे एकेक धंदा आहे आणि बऱ्याच धंद्यांमागे पिढ्या आहेत.

यात्रेच्या चार महिन्यांवर वर्ष काढायचं, हे इथल्या दुकानदाराचं गणित. आजोबा म्हणायचे, "आषाढी चुकली की दिवाळी चुकली." पाऊस लांबला, पेरणी खोळंबली, की वारकऱ्याच्या कनवटीला पैसा कमी असतो आणि ते आमच्या गल्ल्यावर त्याच आठवड्यात कळायचं. कोरडवाहू महाराष्ट्राचं साल कसं गेलं, हे पंढरीच्या पेठेइतकं लवकर कुठे समजत नसेल.

चंद्रभागा आणि भीमा या दोन नद्या आहेत का?

नाही, एकच. भीमाशंकराहून निघालेली भीमा पंढरपुरापाशी अर्धचंद्रासारखं वळण घेते, म्हणून तेवढ्या टप्प्यात तिला चंद्रभागा म्हणतात. गाव नदीच्या उजव्या काठावर आहे. घाटावर पहाटे उभं राहिलात तर सूर्य समोर नदीपलीकडून वर येतो.

नदीकाठचं पेठेचं गाव, म्हणजे पूर्वी नावेतून माल यायचा का?

असं बऱ्याच जणांना वाटतं, पण भीमा तशी नदी नाही. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहते आणि उन्हाळ्यात वाळवंट उघडं पडतं. वाळवंट हा इथला रोजचा शब्द आहे. नदीपात्रातल्या वाळूच्या पट्ट्याला आम्ही वाळवंट म्हणतो आणि तिथंच कीर्तनं होतात, वारकरी मंडळ्यांचे फड लागतात, राहुट्या पडतात.

माल यायचा तो बैलगाडीने आणि बैलांच्या पाठीवर. होड्या होत्या आणि अजून आहेत, पण त्या माणसं पलीकडे नेण्यासाठी आणि पुंडलिकाच्या देवळाला, विष्णुपदाला जाण्यासाठी. त्या होड्या कोळी बांधव चालवतात. नदीने या गावाला माल आणून दिला नाही, माणसं आणून दिली.

गाव किती जुनं आहे? पुरावा काय?

सगळ्यात भक्कम पुरावा देवळातच आहे, दगडात कोरलेला. शके ११५९, म्हणजे इ.स. १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला लेख इथे आहे. त्यात भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या, काठचं पंडरगे हे मोठं गाव आणि पुंडलिक मुनी यांचा उल्लेख येतो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच हे गाव लहान वस्ती राहिलेलं नव्हतं.

दुसरा लेख त्याहून जास्त जणांनी पाहिलेला आहे, निदान हात लावलेला तरी आहे. तो चौऱ्यांशीचा लेख. या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. शतकानुशतकांच्या पाठींनी दगड गुळगुळीत झाला आहे. हा लेख शके ११९५ ते ११९९ (इ.स. १२७३ ते १२७७) या काळातला. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचं राज्य होतं आणि हेमाद्री पंडित कारभारी होते. लेखात आहे काय? देणगीदारांची यादी. देवळाच्या कामाला कोणी काय दिलं, त्याची नोंद.

मला हा लेख फार जवळचा वाटतो. मोक्षासाठी लोक ज्या दगडाला पाठ घासतात तो मुळात वर्गणीचा हिशेब आहे, आणि त्यात राजापासून साध्या माणसांपर्यंत सगळे एका दगडावर आहेत. आमच्या दुकानाच्या रोजकीर्दीत सुद्धा पहिली ओळ देवाची आणि दुसरी ओळ उधारीची असायची.

मूर्ती इथून हलवली होती, हे खरं का?

परंपरा तसं सांगते. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने मूर्ती हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा घरोघरी माहीत आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात इथून जवळच भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. त्या वेळी विठ्ठलाचे वंशपरंपरागत पुजारी असलेल्या बडव्यांनी मूर्ती देगावच्या पाटलांकडे लपवून ठेवली होती, असंही सांगतात. बादशहाचा तळ चार वर्षं उशाशी आणि गावाचा देव शेजारच्या खेड्यात.

घाटावरचे एवढे मोठे वाडे कोणाचे?

पेशवाईत आणि त्यानंतरही सरदार घराण्यांनी इथे वाडे, देवळं आणि घाट बांधले. महाद्वार घाटाने वर चढताना दिसतं ते द्वारकाधीशाचं मंदिर शिंद्यांचं, बायजाबाई शिंदे यांनी बांधवलेलं. वाड्यासारखाच त्याचा चिरेबंदी दरवाजा आहे. होळकर वाडा अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो आणि आत रामाचं मंदिर आहे. यात्रेला येणाऱ्या आपल्या माणसांची सोय, अन्नछत्र आणि देवाची पूजा असा तिहेरी हेतू या वाड्यांमागे असायचा. पुढे फडांचे, संस्थानांचे मठ उभे राहिले, आणि आज गावात मठ किती हे मोजायला बसलात तर दिवस पुरणार नाही.

होळकर वाड्यात गेलात तर घाई करू नका. चौकात बसा. लाकडी खांब आणि तुळया बघा, मग मागच्या बाजूने खाली नदी बघा. नदी, वाडा आणि देव यांची सांगड त्या काळच्या माणसांनी कशी घातली, ते सांगावं लागत नाही.

गंगाधरशास्त्र्यांचा खून इथेच झाला ना?

हो. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, रात्री देवळातून परतताना खून झाला. इंग्रजांच्या हमीवर ते आले होते. संशय दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर आला, बाजीरावाला त्याला इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं आणि ठाण्याच्या तुरुंगातून तो १८१६ मध्ये निसटला. पेशवाई बुडायच्या घटनांत हे प्रकरण नेहमी सांगितलं जातं.

रेल्वे कधी आली आणि तिने गावाचं काय केलं?

मुंबईहून येणारी मोठी लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण ती कुर्डुवाडीवरून गेली, पंढरपूर बाजूलाच राहिलं. कुर्डुवाडीला तेव्हा बार्शी रोड म्हणत. तिथून बैलगाडीने किंवा पायी यायचं. मग आली बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने अडीच फूट रुंदीची ही छोटी लाईन घातली. १८९७ मध्ये ती बार्शीला गेली, १९०६ मध्ये पंढरपूरला आली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली.

रेल्वेने गावाचं तोंड फिरवलं. तोवर गावाचा दर्शनी भाग नदीकडे होता. आता माणसं स्टेशनकडून येऊ लागली, स्टेशन रोड आणि नवी पेठ वाढली, घाटाकडची दुकानं मागे पडली. आजी सांगायची की छोट्या गाडीचा वेग इतका बेताचा की चढणीला पोरं उतरून सोबत पळायची आणि परत चढायची. तिची आठवण थोडी फुगलेली असेल, पण ते सांगताना ती हसायची ते हसू खरं होतं. आता ब्रॉडगेज आहे. वेळ वाचतो, हेही तितकंच खरं.

रेल्वेने गर्दी वाढवली तशी कॉलऱ्याची भीतीही वाढवली. यात्रेत साथ येणं आणि वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव जाणं, हे त्या काळातलं मोठं दुखणं होतं. इंग्रजी अमलात यात्रेकरूंवर कर बसला तो स्वच्छतेच्या खर्चापायी.

पंढरपुरी कुंकू वेगळं काय असतं? कसं करतात?

हा माझा प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

कुंकू म्हणजे मुळात हळद. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजत घालायची, त्यात टाकणखार (बोरॅक्स) आणि तुरटी. टाकणखार आणि लिंबाचा आंबटपणा एकत्र आले की हळदीतला पिवळा रंग लाल होतो. एका क्षणात होत नाही. पहिल्या दिवशी हळकुंड नारिंगी दिसतं, मग विटकरी, मग आत गाभ्यापर्यंत लाल. आजोबा एक हळकुंड काढून अडकित्त्याने कापायचे आणि कापलेली बाजू उजेडाकडे धरायचे. मध्ये पिवळा ठिपका दिसला की परत भांड्यात. ठिपका गेला की सावलीत वाळवण. उन्हात घातलं तर रंग उडतो, म्हणून माळ्यावर पसरायचे आणि आम्हा पोरांना वर पळायला बंदी. वाळल्यावर कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. वस्त्रगाळ करताना बायका डोक्याला फडकं बांधायच्या, तरी भुवया लालच व्हायच्या. आईची कोपरापर्यंतची त्वचा कायम गुलाबी असायची.

आता बाजारात दिसतं त्यातलं बरंचसं कुंकू स्टार्च आणि रंगाचं असतं. ते करणाऱ्यांना मी दोष देत नाही. लाखो माणसांना दहा-वीस रुपयांची पुडी हवी असते, ती हळकुंडातून निघत नाही. पण हळदीचं कुंकू मागून घ्या. बोटाला चिकटतं, वास हळदीचा येतो आणि रंग भडक नसतो, खोल असतो.

बुक्का हा निराळा. तो काळा, सुगंधी, कोळशाच्या पुडीत नागरमोथा, वाळा, कचोरा, दवणा अशी सुवासिक द्रव्यं मिसळून करतात. वारकरी कपाळाला गोपीचंदन आणि त्यावर बुक्का लावतो. प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं आणि ते कोणी सांगत नाही. मीही सांगणार नाही.

तुळशीची माळ कोण बनवतं?

मुख्यतः काशीकापडी समाजातली घरं. हे काम उंबऱ्यावर बसून चालतं, त्यामुळे गल्लीतून जाताना सहज दिसतं. वाळलेल्या तुळशीच्या काड्या सोलायच्या, सारख्या लांबीचे तुकडे करायचे, मणी घासून गोल करायचा, भोक पाडायचं, ओवायचं. एकशे आठ मणी. मी एकदा एका मावशींजवळ तासभर बसले होते. त्या बोलत होत्या माझ्याकडे बघून आणि मणी भोकावर बरोबर येत होता. विचारलं, "बघावं लागत नाही?" म्हणाल्या, "बाई, बघायला लागले तर बोट कापंल की."

माळ घेताना घासाघीस करू नका, एवढीच विनंती.

कार्तिकीच्या जनावरांच्या बाजाराचं काय?

कार्तिकी यात्रेला वाखरीला जनावरांचा बाजार भरतो. खिलार बैल आणि पंढरपुरी म्हैस ही दोन नावं इथली. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी लांब, खांद्याच्या मागेपर्यंत गेलेली. उन्हाचा आणि कमी चाऱ्याचा मुलूख सोसणारी जात आहे ही. जायचं तर सकाळी लवकर जा.

मंदिर सगळ्यांना कधी खुलं झालं?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. महाद्वारात नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखामेळा मंगळवेढ्याचे. तिथे गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, असं परंपरा सांगते. ज्या देवासाठी त्यांनी अभंग रचले त्याच्या दारात ते आहेत, दाराबाहेर.

१९४७ मध्ये साने गुरुजी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात १ मेपासून उपोषणाला बसले. मागणी एकच, अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर खुलं करा. १० मे रोजी उपोषण सुटलं आणि मंदिर खुलं झालं. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने होते. पुढे १९७३ च्या कायद्याने मंदिराचं व्यवस्थापन सरकारच्या समितीकडे देण्याची तजवीज झाली आणि बडवे आणि उत्पात (रुक्मिणीचे पुजारी) यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला.

दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल, चोखोबांच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा.

घाट सुरक्षित आहेत का? पूर कधी येतो?

पावसाळ्यात चौकशी केल्याशिवाय पाण्यात उतरू नका. पूर नुसत्या इथल्या पावसाने येत नाही. वर माढा तालुक्यात १९८० मध्ये पूर्ण झालेलं उजनी धरण आहे, शिवाय नीरा नदी नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. उजनीतून सोडलेलं आणि नीरेचं पाणी एकदम आलं की पुंडलिकाचं देऊळ बुडतं. इथे आकाश निरभ्र असतं आणि नदी वाढत असते, बाहेरच्या माणसाला ते उमगत नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. जुन्या दगडी पुलावर पाणी आलं की वाहतूक बंद होते.

उन्हाळ्यातलं दुखणं उलटं. पात्र कोरडं पडतं, वाळूउपशाने खड्डे पडलेत, घाण साचते. २०१६ मध्ये सरकारने नमामि चंद्रभागा ही मोहीम सुरू केली. काम झालं नाही असं मी म्हणणार नाही, पण लहानपणी ज्या पाण्याची आम्ही ओंजळ करून पीत होतो ते पाणी आज मी लेकराला पिऊ देणार नाही.

मंदिरात अलीकडे तळघर सापडलं, ते काय?

२०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचं काम झालं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होतं. नंतरच्या काळातली फरशी, रंग, चांदीचे पत्रे काढून मूळ दगड मोकळा केला. त्या कामात मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाजाजवळ जमिनीखाली एक लहान खोली आणि तिच्यात जुन्या मूर्ती सापडल्या. मला त्याहून मोठा आनंद दगड उघडा पडल्याचा झाला. इतकी वर्षं जे खांब चकचकीत दिसायचे त्यांच्यावर छिन्नीची खूण आहे, हे पहिल्यांदा कळलं.

जुनी पेठ टिकणार का?

मंदिराभोवती कॉरिडॉर करायचा सरकारचा आराखडा आहे आणि त्यात घरं, दुकानं जाणाऱ्यांचा त्याला विरोध आहे. गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये, म्हाताऱ्या वारकऱ्याला मोकळा श्वास घेता यावा, हे मलाही पटतं. आषाढीला आमच्या गल्लीतून रुग्णवाहिका निघणं किती अवघड असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: पेठ म्हणजे देवळाच्या वाटेतला अडथळा नव्हे, ती देवळाइतकीच जुन्या गावाची खूण आहे. पाडण्याआधी निदान प्रत्येक वाड्याचं मोजमाप, फोटो, नकाशा व्हावा. आमच्या शेजारचा वाडा कोणताही आराखडा नसताना गेला. भाऊबंदकीत विकला, चार दिवसांत जेसीबीने सपाट केला. दाराच्या चौकटीवर कोरलेला मोर होता. तो कुठे गेला कोणी विचारलं नाही, मीही वेळेवर विचारलं नाही.

सोलापूरहून कसं यावं, आणि आसपास काय पाहावं?

सोलापूरहून मोहोळमार्गे साधारण पंचाहत्तर किलोमीटर, एसटी भरपूर. रेल्वेने कुर्डुवाडीवरून. एकादशी टाळून साध्या दिवशी या, सकाळी सहाला घाटावर पोचा, मग महाद्वार, द्वारकाधीश, होळकर वाडा, प्रदक्षिणा मार्ग, चौफाळा आणि दुपारी होडीने किंवा रस्त्याने विष्णुपद, गोपाळपूर.

हाताशी अजून दिवस असेल तर पंचवीस किलोमीटरवर मंगळवेढा: दामाजीपंतांचं, कान्होपात्रेचं आणि मालदांडी ज्वारीचं गाव. भीमेच्या काठाने खाली गेलात तर माचणूरला सिद्धेश्वराचं देऊळ आणि औरंगजेबाच्या काळातला किल्ला. आणखी खाली हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे: "वाछि तो विजेया होईवा". वाचील तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा या एकाच नदीच्या काठी उभी आहे आणि तिथं बहुतेक वेळा एक पुजारी सोडून कोणी नसतं.

आमच्या पणजोबांचं नाव इथल्या वह्यांत मिळतं म्हणतात. खरं का?

बऱ्याचदा मिळतं. इथल्या क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणाऱ्या पुरोहितांकडे, यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या आहेत. जुन्या नोंदी मोडीत. आडनाव नुसतं सांगून भागत नाही, मूळ गाव सांगावं लागतं, कारण गावं उपाध्यांत वाटलेली असतात. म्हणून येण्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला मूळ गाव आणि कुळाचं नाव विचारून या. वही हाताळू नका, फोटो आधी विचारून काढा, दक्षिणा द्या.

गेल्या माघीला बार्शीकडचे एक काका माझ्यासोबत आले होते. उपाध्यांनी लाल कापडात बांधलेली वही सोडली, बोट फिरवत फिरवत थांबले आणि वाचू लागले. काकांच्या पणजोबांचं नाव, सोबत बायको, दोन मुलगे आणि एक बहीण. अशी बहीण होती हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी तिचं नाव दोनदा वाचून घेतलं. मग उपाध्यांकडून पेन घेतलं आणि त्याच पानाच्या पुढच्या कोऱ्या जागेत स्वतःचं, दोन्ही मुलांचं आणि नातीचं नाव लिहिलं.